जाळ्यावरील देखरेख आणि अधिकारांची वाटणी

कोषागाराच्या सुरक्षित कोठडीला दुहेरी कुलूप असते आणि त्या कुलपांच्या किल्ल्या दोन वेगवेगळ्या जबाबदार व्यक्तींच्या ताब्यात असतात, हे शासकीय सेवेतील प्रत्येकास ठाऊक आहे. गावाच्या अधिकार अभिलेखात फेरफाराची नोंद एकजण घेतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, हेही आपल्या परिचयाचे आहे. या पद्धती कोणावरील अविश्वासातून निर्माण झालेल्या नाहीत. महत्त्वाचे काम एकाच हाती सर्वस्वी सोपविले, तर चूक झाली असता ती लक्षात येत नाही आणि ती व्यक्ती दूर गेली असता काम अडून राहते, हा पूर्वीच्या प्रशासनाचा अनुभव त्यांच्यामागे आहे.

आज शासनाची अनेक कामे संगणकांच्या जाळ्यावरून चालतात. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना २०१५ पासून भारतनेट या नावाने ओळखली जाते. तिच्यामुळे ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत प्रकाशतंतू पोहोचविण्याचे काम हाती घेण्यात आले. तालुक्याच्या ठिकाणी एक मुख्य उपकरण, त्यापासून निघालेली तंतुवाहिनी आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बसविलेली लहानशी पेटी अशी ही सर्वसाधारण रचना आहे. अशी शेकडो उपकरणे जेथे विखुरलेली असतात, तेथे त्यांच्यावर दुरून देखरेख ठेवणारी व्यवस्था आवश्यक ठरते. या व्यवस्थेत कोणाला काय पाहता यावे, कोणाला काय बदलता यावे आणि तो अधिकार केव्हा संपावा, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विषय केवळ अभियंत्यांचा आहे असा समज आढळतो. वस्तुतः तो प्रशासनाचा विषय आहे. अभियंता कुलूप बसवील, परंतु किल्ली कोणाकडे राहावी हे कार्यालयप्रमुखानेच ठरवावयाचे असते.

देखरेख कशी चालते?

जाळ्यातील प्रत्येक राउटर किंवा स्विच आपल्या अवस्थेची माहिती सतत जवळ बाळगीत असतो. वीजपुरवठा चालू आहे किंवा नाही, कोणती वाहिनी बंद पडली, किती माहिती आली व गेली, उपकरण किती तापले, या सर्व गोष्टी त्यात नोंदलेल्या असतात. मध्यवर्ती कक्षातील संगणक ठराविक वेळाने प्रत्येक उपकरणाला प्रश्न विचारतो आणि आलेली उत्तरे पडद्यावर मांडतो. काही विशेष घडल्यास उपकरण आपण होऊनही इशारा पाठवू शकते.

या प्रश्नोत्तरांसाठी जी सर्वमान्य भाषा वापरली जाते, तिला एसएनएमपी असे म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. या भाषेत माहिती विचारण्याची जशी सोय आहे, तशीच उपकरणातील मूल्य बदलण्याची आज्ञा देण्याचीही सोय आहे. म्हणजे ज्या मार्गाने वाहिनीची प्रकृती विचारली जाते, त्याच मार्गाने ती वाहिनी बंदही करता येते. देखरेखीतील अधिकारांचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

आरंभीच्या आवृत्तीत सुरक्षिततेची व्यवस्था अगदीच साधी होती. विचारणाऱ्याने एक ठराविक शब्द सांगावयाचा आणि तो जुळला तर उपकरणाने उत्तर द्यावयाचे. अनेक उपकरणांत वाचनासाठी ‘पब्लिक’ आणि बदल करण्यासाठी ‘प्रायव्हेट’ हे शब्द कारखान्यातूनच घालून येत. हा शब्द जाळ्यावरून उघड्या स्वरूपात प्रवास करीत असे. मार्गात कोणी तो टिपून घेतला, तर त्याला खरा अधिकारी व तोतया यांतील फरक पुसता येई. शिवाय तो शब्द सर्वांचा एकच असल्यामुळे आज्ञा नेमकी कोणी दिली, हे मागाहून सांगता येत नसे.

हे दोष लक्षात घेऊन तिसरी आवृत्ती तयार करण्यात आली आणि डिसेंबर २००२ मध्ये ती पूर्ण मानक म्हणून स्वीकारली गेली. तीत प्रत्येक वापरकर्त्याचे नाव स्वतंत्र असते, त्याची ओळख पटवून घेतली जाते आणि संदेश गुप्तलिपीत पाठविता येतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वापरकर्त्यांचे गट करून प्रत्येक गटास उपकरणातील किती भाग वाचता यावा, किती भाग बदलता यावा आणि कोणत्या भागाचे इशारे मिळावेत, हे तीन वेगळ्या मर्यादांनी ठरविता येते. तरीही जुन्या आवृत्तीची उपकरणे आजही अनेक ठिकाणी वापरात आढळतात. अशा ठिकाणी निदान कारखान्यातून आलेले शब्द बदलणे व बदल करण्याची सोय बंद ठेवणे, एवढे तरी तत्काळ करता येते.

पाहणे, बदलणे आणि अधिकार देणे

देखरेखीच्या व्यवस्थेत तीन प्रकारचे अधिकार स्पष्टपणे वेगळे मानले पाहिजेत. पहिला पाहण्याचा, दुसरा बदलण्याचा आणि तिसरा इतरांना अधिकार देण्याचा.

पाहण्याचा अधिकार देताना हात आखडता घेऊ नये. ग्रामपंचायतीची जोडणी बंद असताना ती कोठे तुटली आहे हे तेथील कर्मचाऱ्यास दिसले नाही, तर दाखल्यासाठी आलेल्या नागरिकास तो काही सांगू शकत नाही. तो तालुक्याला दूरध्वनी करतो, तालुका जिल्ह्याला करतो आणि सायंकाळपर्यंत नागरिक ताटकळत बसतो. आपल्या गावची वाहिनी चालू आहे की बंद, बिघाडाची नोंद झाली आहे की नाही, एवढे पाहता आले तरी त्याच्या कामात मोठी सोय होते. अधिकार अतिशय आवळून ठेवले, तर कर्मचारी कामाच्या निकडीने दुसऱ्याचा पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, मागून घेतात आणि मग सर्व व्यवस्थाच निरर्थक होते.

मात्र पाहण्याचा अधिकार निरुपद्रवी आहे असे सरसकट मानू नये. उपकरणाची अवस्था पाहणे वेगळे आणि त्याची संपूर्ण मांडणी पाहणे वेगळे. मांडणीच्या धारिकेत कोणते उपकरण कोठे जोडले आहे, कोणत्या वाटा खुल्या आहेत, इतकेच नव्हे तर काही वेळा परवलीचे शब्दही असतात. म्हणून गावाला आपल्या वाहिनीची अवस्था दिसावी, परंतु जिल्ह्याच्या संपूर्ण जाळ्याचा नकाशा दिसण्याचे कारण नाही.

बदलण्याचा अधिकार ज्यांचे ते कामच आहे अशा थोड्या व्यक्तींना असावा. येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. काही देखरेख प्रणालींत पडद्यावरील चित्रावर बोट ठेवूनच उपकरण पुन्हा चालू करण्याची आज्ञा देता येते. वरवर पाहता तो केवळ पाहण्याचा पडदा वाटतो, पण त्याच्यामागे बदल करण्याची सत्ता असते. अधिकार देण्यापूर्वी अशा आज्ञा कोणाला उपलब्ध होतात, हे तपासून घेणे अगत्याचे आहे.

तिसरा अधिकार सर्वांत नाजूक आहे. जो इतरांना अधिकार देऊ शकतो, तो स्वतःलाही कोणताही अधिकार देऊ शकतो. यासाठी असे खाते दैनंदिन कामाला वापरू नये. त्या व्यक्तीचे नेहमीच्या कामासाठी दुसरे साधे खाते असावे.

अधिकार व्यक्तीला की कामाला?

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मांडलेली तत्त्वे आजही आधारभूत मानली जातात. प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, हे त्यांतील एक. स्पष्टपणे परवानगी दिलेली नसेल तर नकार समजावा, हे दुसरे. महत्त्वाच्या कृतीसाठी दोन स्वतंत्र किल्ल्या लागाव्यात, हे तिसरे. कोषागाराच्या दुहेरी कुलपाचे तत्त्व याहून निराळे नाही. पुढे १९९२ मध्ये डेव्हिड फेरायोलो व रिचर्ड कुन यांनी भूमिकेनुसार अधिकार देण्याची पद्धत सुसूत्रपणे मांडली. या पद्धतीत अधिकार व्यक्तीला चिकटत नाही, तो पदाला किंवा कामाला दिला जातो. व्यक्ती त्या पदावर आली म्हणजे तिला तो मिळतो आणि पद सोडले म्हणजे तो जातो. शासकीय सेवकांस ही कल्पना नवी नाही. शिक्का हा पदाचा असतो, व्यक्तीचा नसतो.

प्रत्यक्षात ही पद्धत कशी वापरतात, हे झॅबिक्स या प्रणालीवरून समजून घेता येईल. लाटव्हिया देशात विकसित झालेली ही मुक्त प्रणाली २००१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि ती जगभर वापरली जाते. तीत उपकरणांचे गट करतात आणि वापरकर्त्यांचेही गट करतात. कोणत्या वापरकर्ता-गटाला कोणत्या उपकरण-गटावर किती अधिकार, एवढेच ठरवावयाचे असते. उपकरणांवरील अधिकार एकेका व्यक्तीस थेट दिला जात नाही. वाचन, वाचन व बदल, आणि मनाई असे अधिकाराचे प्रकार आहेत. ज्या सामान्य वापरकर्त्याच्या गटाला काहीच दिलेले नाही, त्याला एकही उपकरण दिसत नाही. येथे सॉल्टझर व श्रोडर यांचे दुसरे तत्त्व प्रत्यक्षात आलेले दिसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या पेट्यांचा एक गट केला आणि तालुक्यातील साहाय्यकांच्या गटाला त्यावर वाचनाचा अधिकार दिला. जिल्ह्याच्या अभियंत्यांच्या गटाला त्याच उपकरणांवर वाचन व बदल असा अधिकार दिला. आता एक साहाय्यक बढती मिळून जिल्ह्याला गेला. त्याला अभियंत्यांच्या गटात घातले, परंतु जुन्या गटातून काढले नाही. काही वर्षांनी तो दुसऱ्या शाखेत गेला, तेव्हा तिसरा गट मिळाला. या प्रणालीत एखादी व्यक्ती अनेक गटांत असेल, तर तिला त्यांतील मोठा अधिकार लागू होतो. केवळ मनाई असेल तेथेच तो थांबतो. अशा रीतीने बदलीगणिक अधिकारांची भर पडत जाते आणि दहा वर्षे सेवा झालेल्या कर्मचाऱ्याच्या हाती, कोणी न ठरविता, सर्व जाळ्याची सत्ता येऊन पडते. यात त्याचा काहीच दोष नसतो. नवा अधिकार देण्याची आठवण सर्वांना राहते, कारण तो मिळाल्याशिवाय काम अडते. जुना काढला नाही म्हणून मात्र कोणाचेच काम अडत नाही.

अनुभवातून मिळालेले धडे

अधिकारांच्या वाटणीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे दाखविणाऱ्या तीन घटना येथे नमूद करण्याजोग्या आहेत.

पहिली घटना ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतातील मारूची शायर या स्थानिक संस्थेच्या क्षेत्रातील आहे. तेथील सांडपाण्याच्या १४२ पंपगृहांवर बिनतारी जाळ्याने देखरेख व नियंत्रण ठेवले जाई. २००० सालच्या आरंभी पंप अवेळी बंद पडू लागले आणि इशारे मध्यवर्ती कक्षात पोहोचेनासे झाले. प्रारंभी हा यांत्रिक बिघाड असावा असे वाटले. तपासाअंती असे आढळले की, ही यंत्रणा बसविणाऱ्या कंत्राटदाराकडील एक माजी कर्मचारी बाहेरून आज्ञा पाठवीत होता. त्याला संस्थेत नोकरी नाकारण्यात आली होती. यंत्रणेची माहिती आणि आवश्यक साधने त्याच्याजवळ होती आणि आज्ञा देणारा कोण हे पारखण्याची पुरेशी सोय यंत्रणेत नव्हती. सुमारे ८ लाख लिटर मैला उद्याने व ओढ्यांत वाहून गेला. २००१ मध्ये त्यास दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. पाणीपुरवठा वा मलनिःसारणाची यंत्रणा कंत्राटदाराकडून बसवून घेणाऱ्या प्रत्येक पंचायत व नगरपालिकेने या घटनेचा विचार करावा. काम पूर्ण झाल्यावर कंत्राटदाराचे देयक चुकते केले जाते, पण त्याचा प्रवेश बंद केला जातो काय?

दुसरी घटना अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराची आहे. जुलै २००८ मध्ये शहराच्या तंत्रज्ञान विभागातील एका अभियंत्याने मुख्य जाळ्याचे परवलीचे शब्द वरिष्ठांना देण्याचे नाकारले. ते शब्द त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. जाळे चालू होते, परंतु सुमारे १२ दिवस शहर प्रशासनाला स्वतःच्याच उपकरणांवर ताबा उरला नव्हता. अभियंत्यास अटक झाली आणि अखेर तत्कालीन महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी तुरुंगात जाऊन भेट घेतली, तेव्हा त्याने ते शब्द त्यांच्या स्वाधीन केले. २०१० मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या वर्तनाचा निवाडा न्यायालयाने केला. परंतु एका मोठ्या शहराचे जाळे एकाच व्यक्तीच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहू दिले, ही उणीव प्रशासनाची होती.

तिसरी घटना डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आली. सोलरविंड्स या अमेरिकन कंपनीची ओरायन ही प्रणाली जाळ्यावरील देखरेखीसाठीच वापरली जात असे. हल्लेखोरांनी कंपनीच्या कार्यपद्धतीत शिरकाव करून प्रणालीच्या सुधारित आवृत्तीतच घातक आज्ञावली दडविली. सुमारे १८ हजार ग्राहकांकडे ती आवृत्ती पोहोचली. त्यांपैकी थोड्याच ठिकाणी पुढील घुसखोरी झाली, पण त्यांत अमेरिकेच्या मध्यवर्ती शासनाची नऊ खाती होती. देखरेख करणारी प्रणाली सर्व उपकरणांपर्यंत पोहोचू शकते आणि त्यांचे परवलीचे शब्द अनेकदा तिच्यातच साठविलेले असतात. त्यामुळे ती हाती लागली की इतर दारे उघडणे सोपे जाते. यावरून हे लक्षात घ्यावे की, अधिकारांची मर्यादा माणसांनाच नव्हे, तर देखरेखीच्या यंत्रालाही लागू केली पाहिजे. ज्या प्रणालीचे काम पाहण्याचे आहे, तिच्या खात्याला उपकरणावर केवळ वाचनाचा अधिकार द्यावा.

कार्यालयाने करावयाची व्यवस्था

वरील विवेचनावरून कोणत्याही कार्यालयास अमलात आणता येतील अशा काही गोष्टी निष्पन्न होतात.

१. प्रत्येक व्यक्तीचे खाते स्वतंत्र असावे. संपूर्ण शाखेचे मिळून एकच खाते ठेवू नये. भिंतीवर चिकटविलेला परवलीचा शब्द हा कोणाचाच नसतो आणि म्हणून त्याची जबाबदारीही कोणाची नसते.

२. कामांची यादी आधी करावी आणि नंतर अधिकार ठरवावेत. निरीक्षण करणारा, इशाऱ्याची दखल घेऊन बिघाड नोंदविणारा, उपकरणात बदल करणारा, अधिकार देणारा आणि नोंदी तपासणारा, अशा पाच भूमिका बहुतेक ठिकाणी पुरेशा होतात. मनुष्यबळ कमी असल्यास एका व्यक्तीकडे दोन भूमिका येतील, परंतु अधिकार देणारा आणि नोंदी तपासणारा एकच नसावा.

३. अधिकाराची मागणी लेखी असावी. कोणत्या कामासाठी, कोणत्या उपकरणांवर व किती मुदतीसाठी, हे तीत नमूद असावे. कंत्राटदाराच्या माणसांना देखभालीच्या मुदतीपुरताच प्रवेश द्यावा व मुदत संपताच तो आपोआप बंद होईल अशी योजना करावी.

४. खाते बंद करणे हे कार्यमुक्तीच्या कार्यवाहीस जोडावे. बदली, सेवानिवृत्ती वा प्रतिनियुक्तीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या प्रमाणपत्रात दप्तर, शिक्के व किल्ल्यांबरोबर जाळ्यावरील खात्यांचाही उल्लेख असावा. जुने गट काढल्याखेरीज नवा गट देऊ नये.

५. सर्वोच्च अधिकाराच्या खात्याचा परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात घालून कार्यालयप्रमुखाच्या तिजोरीत ठेवावा. अडचणीच्या प्रसंगी ते पाकीट उघडले, तर दिनांक, वेळ व कारण नोंदवावे आणि काम होताच शब्द बदलून नवे पाकीट ठेवावे.

६. दर तीन महिन्यांनी अधिकारधारकांची संपूर्ण यादी कार्यालयप्रमुखाने स्वतः पाहावी. प्रत्येक नावासमोर ‘ही व्यक्ती आज हे काम करते काय?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. ज्या नावासमोर उत्तर मिळणार नाही, ते खाते बंद करावे.

नोंदींचे महत्त्व

अधिकार कितीही विचारपूर्वक दिले, तरी त्यांचा वापर कसा झाला हे नंतर पाहता आले पाहिजे. मोठ्या जाळ्यांत यासाठी एक मध्यवर्ती व्यवस्था ठेवतात. व्यक्ती कोण हे ओळखणे, तिला काय करता येईल हे ठरविणे आणि तिने काय केले याची नोंद ठेवणे, अशी तिची तीन कामे असतात. टॅकॅक्स प्लस नावाच्या पद्धतीत तर उपकरणाला दिलेल्या प्रत्येक आज्ञेसाठी स्वतंत्र परवानगी तपासता येते.

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निदेशांत शासकीय संस्थांचाही समावेश आहे. त्यांनुसार संगणक व्यवस्थेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि विनिर्दिष्ट स्वरूपाची सुरक्षाविषयक घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत तिची खबर देणे आवश्यक आहे. सर्व उपकरणांची घड्याळे प्रमाण वेळेशी जुळती ठेवावीत, असेही त्यांत सांगितले आहे. ही अट वरवर किरकोळ वाटते. परंतु एका उपकरणाचे घड्याळ दहा मिनिटे मागे असेल, तर आधी काय घडले व नंतर काय घडले याचा क्रम लागत नाही आणि निरपराध कर्मचाऱ्यावरही संशय येऊ शकतो. चोख नोंद ही प्रामाणिक कर्मचाऱ्याचे संरक्षण आहे. आपल्या नावावर दुसऱ्याने काही केले नाही, हे त्याला तिच्याच आधारे दाखविता येते. म्हणून नोंदी देखरेखीच्या संगणकावरच न ठेवता वेगळ्या ठिकाणी साठवाव्यात. ज्याला जाळ्यात बदल करता येतात, त्याला त्या नोंदी पुसता येऊ नयेत.

समारोप

या विषयाची सुरुवात शाळेतही करता येईल. संगणक कक्षाची किल्ली कोणाकडे, कपाटाची कोणाकडे आणि शिक्षक बदलून गेल्यावर ती कोणी परत घेतली, हे विद्यार्थ्यांना विचारले तरी त्यांना अधिकार व जबाबदारी यांचा संबंध कळू लागेल. ग्रामपंचायत सदस्यांनीही आपल्या गावात बसविलेल्या यंत्रणेबद्दल दोन प्रश्न अवश्य विचारावेत. यात बदल कोण करू शकतो? आणि तो मनुष्य उद्या येथे नसला तर काय?

तंत्र बदलेल, उपकरणे बदलतील, आजची प्रणाली उद्या जुनी होईल. पाहण्याचा अधिकार गरजेनुसार मोकळेपणाने द्यावा, बदलण्याचा जपून द्यावा आणि काम संपताच प्रत्येक अधिकार परत घ्यावा, हा व्यवहार मात्र कायम राहील. कार्यालयप्रमुखांनी या महिन्यातच आपल्या कार्यालयातील अधिकारधारकांची यादी मागवून पाहिली, तर बदलून गेलेल्या एखाद्या सहकाऱ्याचे नाव तीत अजून आढळण्याची शक्यता आहे. ते खाते बंद करण्यापासून या कामास आरंभ करता येईल.